मास्तरांचा वळसा

ओटमार मास्तर ब्रेक तपासायचे तेव्हा आधी डोळे मिटायचे. ग्लायडरच्या कडेला गुडघे टेकायचे, हात आत घालून निळा लिव्हर हळूहळू मागं ओढायचे आणि अगदी शेवटी, तेलाचा दाब लागतो तिथं, हात तसाच धरून थांबायचे. हँगरमध्ये कुणी बोललं की मान न वळवता "श्श!" करायचे. आम्ही तरणी मंडळी म्हणायचो, म्हातारा नाडी बघतोय. पेशंट ठणठणीत असला तरी निदान ठरलेलं. "मऊ लागतोय. हवा काढू या परत."

क्लबात ग्लायडर पाच, तेव्हा दर शनिवारी पाच नाड्या. बाकीचे क्लब ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा वर्षातून एकदा काढतात. आमच्या मास्तरांनी आयुष्यभरात जेवढं ब्रेक ऑइल बदललं, तेवढ्यात एखादं लहानसं तळं भरलं असतं.

मास्तर म्हणजे दरीतल्या कारखान्यात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. लग्न केलं नाही. निळा ॲप्रन, खिशात फूटपट्टी, डब्यात लिव्हरवुर्स्ट, म्हणजे कलेजीचं सॉसेज, लावलेला पाव, तोही उभ्यानंच खायचा. शनिवारी सकाळी सातला डोंगरमाथ्यावरच्या हँगरचं दार उघडायचं ते त्यांच्याच हातानं. आणि गंमत अशी, की ग्लायडरच्या क्लबात सगळं आयुष्य काढलेला हा माणूस सदतीस वर्षं उडाला नव्हता.

त्याचं कारण मैदानाच्या पश्चिम टोकाला उभं होतं. तिथं सफरचंदाची जुनी बाग आहे, बागेला कमरेएवढी दगडी भिंत. सदतीस वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, मास्तरांचा धाकटा भाऊ हार्टविग त्या भिंतीवर जाऊन आदळला. उतरला नीट होता. जमिनीवर चाक टेकलं होतं, पण ग्लायडर थांबलंच नाही. वारा मागून होता म्हणतात. चौकशीला आलेल्या साहेबांनीही तेच लिहिलं, मागून वारा, उशिरा टेकलं. गावानं मान डोलावली, पाद्र्यानंही. एकट्या ओटमारनी डोलावली नाही, कारण आदल्या दिवशी त्या ग्लायडरच्या ब्रेकची हवा त्यांनीच काढली होती.

भिंतीजवळच्या पहिल्या झाडाला पंख लागल्याची जखम अजून आहे. साल दोन्ही बाजूंनी वाढत आली आणि मिटली, मिटलेल्या ओठासारखी. दर रविवारी शेवटचं ग्लायडर उतरलं की मास्तर ते थांबलं तिथपासून त्या झाडापर्यंत पावलं मोजत जायचे. परत आले की आम्ही विचारायचो, "काय मास्तर, आज किती?" ते म्हणायचे, "पुरेशी."

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो हिवाळ्यातल्या तासांमुळं. आमच्याकडं नियम असा, की थंडीत वर्कशॉपमध्ये साठ तास राबायचं, तेव्हा उन्हाळ्यात उडायला मिळतं. मी पोटासाठी खाली गावात घरोघरचे हीटर दुरुस्त करतो. पाण्याच्या नळ्या हा माझा धंदा, म्हणून मास्तरांनी मला हेरलं. "आर्नो, तुला नळी कळते. इकडं ये."

त्या हिवाळ्यात आमच्या दोन बैठकींच्या ग्लायडरची ब्रेकची जुनी रबरी नळी मी बदलली. सीटच्या मागं तेलाची एक छोटी वाटी असते. तिच्यापासून खालच्या सिलिंडरपर्यंत नळी जाते. मी ती सरळ, आखडूनच लावत होतो. मास्तरांनी माझ्या हातावर फूटपट्टी मारली.

"फाशी देतोयस का तिला? जरा वळसा दे. असा. बाईच्या अंबाड्यासारखा."

"अंबाडा कशाला मास्तर, कोण बघायला येणार सीटच्या मागं?"

"मी येणार."

मी वळसा दिला. छान गोल झाला होता. मास्तरांनी बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हां. माझ्या उस्तादानं मला असंच शिकवलं होतं. नळीला श्वास घ्यायला जागा पाहिजे." उन्हातान्हात रबर आखडतं, तेव्हा थोडी ढील हवी, हे खरंच होतं. आणखी एक गोष्टही खरी होती, आणि ती मला माहीत होती. हीटरच्या धंद्यात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, की हवा नेहमी सर्वांत उंच वळणात जाऊन बसते. पण मास्तर ते मास्तर. मी त्यांना नळी शिकवणार होतो?

एप्रिलमध्ये उड्डाणं सुरू झाली आणि ब्रेकला भुतानं झपाटलं.

ग्लायडरला इंजिन नसतं, पोटाखाली चाक एकच, त्याला ब्रेकही एकच. डाव्या हाताचा निळा लिव्हर ओढला की पंखांतून फळ्या उभ्या राहतात आणि ग्लायडर खाली येतं. तोच लिव्हर शेवटची दोन बोटं ओढला की चाक धरलं जातं. मोटारीचा ब्रेक मऊ लागला तर माणूस पाय दोनचारदा मारून बघतो. इथं लिव्हर पुढं सोडावा तर फळ्या मिटतात आणि ग्लायडर पुन्हा उडू बघतं. म्हणजे ब्रेक पहिल्याच ओढीला लागला पाहिजे.

आणि तो लागत नव्हता. बुर्कहार्ड आमचा मुख्य शिक्षक. देहानं आणि आवाजानं दोन माणसांचा. पहिल्याच रविवारी तो उतरला आणि लिव्हर पोटापर्यंत ओढूनही ग्लायडर गवतावरून मजेत चालत राहिलं. तसंच ढकलत हँगरमध्ये आणलं. मास्तरांनी डोळे मिटून लिव्हर ओढला. सोमवारी परत ओढला. दोन्ही वेळा दगडासारखा घट्ट.

मास्तरांनी चाक काढलं. ब्रेक पॅड नवे घातले. डिस्कवर बेअरिंगचं ग्रीस तर आलं नाही ना, म्हणून स्पिरिटनं पुसली. लिव्हरच्या दांडीची ढील मोजली. बरोबर होती. सिलिंडर उघडून सील बदलले. तेल सगळं काढून, खालून वर, इंजेक्शनच्या सिरिंजनं नवं भरलं. लिव्हर दगड. रविवारी बुर्कहार्ड उतरला. लिव्हर लोणी.

"ओटमार, हा ब्रेक तुझ्यासमोर पाद्री आणि माझ्यासमोर दारुडा!" बुर्कहार्ड ओरडला.

"दारुडा झोपून उठला की पाद्रीच दिसतो," मास्तर म्हणाले. "मला त्याला प्यालेला पकडायचाय."

त्यांचा आवाज मात्र थट्टेचा नव्हता. ब्रेक जमिनीवर चांगला आणि उतरल्यावर नाही, हे वाक्य ते सदतीस वर्षं मनात घोळवत होते. आता ते कुणी दुसऱ्यानं मोठ्यानं म्हटलं होतं.

त्यात वेरेना. वेरेना ही हार्टविगची मुलगी. बाप गेला तेव्हा ती आईच्या पोटात होती. आता खाली गावात तिचं चष्म्याचं दुकान. पस्तीस वर्षं ती या डोंगरावर चढली नाही आणि गेल्या वसंतात एक दिवस आली, बुर्कहार्डला म्हणाली, "मला शिकायचंय." मास्तर त्या दिवशी तिला एवढंच बोलले, "ग्लायडर ओढणाऱ्या विंचजवळ उभी राहू नकोस, दोर उसळतो." मग वर्कशॉपचं दार लावून घेतलं.

वर्षभरात ती तयार झाली. आता एकटीनं उडायचं राहिलं होतं, आणि ते ह्याच दोन बैठकींच्या ग्लायडरमधून. बुर्कहार्ड रोज विचारायचा, मास्तर रोज मान हलवायचे.

"ओटमार, किती दिवस थांबवणार? मैदान लांब आहे. ब्रेक नसला तरी ती थांबेल."

"हार्टविगलाही लांबच होतं."

यावर बुर्कहार्डसारखा माणूसही पाठ फिरवून निघून जायचा.

वेरेना मात्र मला बाजूला घेऊन म्हणाली, "आर्नो, खरं सांग. ब्रेक वाईट आहे की काकांना मी नकोय?"

"ब्रेक वाईट आहे," मी म्हणालो. "आणि काकांना तू नको त्या भिंतीजवळ."

मास्तर तोवर बरेच खंगले होते. जेवण राहायचं. लिव्हर धरून डोळे मिटले की पाचपाच मिनिटं उघडायचे नाहीत. एकदा मी मागं उभा होतो तर ते पुटपुटले, "बोल की रे." मला वाटलं मला म्हणाले. मी म्हटलं, "काय मास्तर?" ते दचकले. ते मला म्हणाले नव्हते.

मेच्या पहिल्या शनिवारी डोंगरावर धुकं होतं, उडायचं नव्हतं. बुर्कहार्ड म्हणाला, रिकामं बसण्यापेक्षा वजन करून घेऊ. दर चार वर्षांनी ग्लायडर तोलावं लागतं. चाक काट्यावर ठेवायचं, शेपूट उचलून घोडीवर ठेवायची, हवेत असतं तसं ग्लायडर सपाट करायचं आणि आकडे घ्यायचे. एरवी उभं असलेलं ग्लायडर कायम शेपटीवर टेकून, नाक वर करून बसतं, कुत्र्यासारखं. आमच्या हँगरमध्ये ते सपाट असतं फक्त या एका दिवशी.

बुर्कहार्डनं शेपूट उचलली, मी घोडी सरकवली. चाक काट्यावर डुगडुगायला लागलं.

"ब्रेक धर!" मास्तर म्हणाले.

मी हात आत घातला आणि लिव्हर ओढला. तो थेट मागं गेला. शेवटच्या दोन बोटांत काही म्हणजे काही नव्हतं.

"मास्तर," मी म्हणालो, "प्यालेला सापडला."

मास्तर आले. मला बाजूला केलं, स्वतः ओढला. या खेपेला त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"शेपूट खाली घे."

खाली घेतली. कॉफी केली, कुणी प्याली नाही. अर्ध्या तासानं ओढला, घट्ट. वर केली, मऊ. खाली, घट्ट. वर, मऊ. तिसऱ्या वेळी मास्तर टॉर्च घेऊन सीटच्या मागं आडवे झाले. बराच वेळ फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"आर्नो. बघ."

मी डोकं घातलं. टॉर्चच्या उजेडात माझा अंबाडा. गोल, सुरेख. शेपूट खाली असताना वळशाचा माथा सर्वांत उंच, हवेचा बुडबुडा तिथं निवांत पडून राहणार, कुणाला काही त्रास नाही. शेपूट वर झाली, नाक खाली आलं, की उंचवटा बदलला. बुडबुडा घरंगळून सिलिंडरच्या तोंडात. उतरताना नाक खालीच असतं. लिव्हर ओढावा तर तेल दाबायच्या ऐवजी हवा दबते. आणि आम्ही सगळे, सगळे क्लब, हवा काढतो ती शेपूट जमिनीवर ठेवून, आणि तपासतोही तसंच.

"ही तर मी लावलेली," मी म्हणालो.

"मी सांगितलेली," मास्तर म्हणाले.

ते उठले. त्यांच्या बाकाला एक कप्पा होता, कायम कुलूप लावलेला. आम्ही म्हणायचो, म्हातारा श्नाप्सची बाटली लपवतो. मास्तरांनी ॲप्रनच्या आतल्या खिशातून किल्ली काढली. कप्प्यात फडकं होतं, फडक्यात हार्टविगच्या ग्लायडरचा वाकलेला निळा लिव्हर आणि त्याच्याखाली वीतदीड वीत काळी रबरी नळी.

मास्तरांनी नळी दोन्ही हातांनी सरळ ताणली, बाकावर ठेवली आणि हात काढून घेतले. नळी हळूहळू हलायला लागली. एक टोक वर उचललं, दुसरं आत वळलं, आणि सदतीस वर्षं कप्प्यात पडलेल्या त्या रबरानं बाकावर आमच्यासमोर पुन्हा गोल वळसा घेतला. अंबाडा. हुबेहूब मी घातलेला.

बुर्कहार्डनं घसा खाकरला. "त्यानं काही सिद्ध होत नाही ओटमार. मागून वारा होता. लिहिलंय तसं."

"तू गप रे."

"नाही, पण त्या साहेबांनी..."

"साहेबांनी ब्रेक ओढून बघितला होता," मास्तर म्हणाले. "मोडलेल्या ग्लायडरची शेपूट जमिनीवर होती. त्यांना घट्ट लागला."

आणि नेमकी तेव्हाच वेरेना आत आली. त्या शनिवारी केक आणायची पाळी तिची होती. हातात रुबार्बच्या केकचा ट्रे, चष्म्यावर धुक्याची वाफ. आम्हा तिघांना पाहून म्हणाली, "कोण मेलं?"

जमीन दुभंगली असती तर मी आत गेलो असतो. बुर्कहार्ड छताकडं बघायला लागला. मास्तरांनी मात्र एक स्टूल पुढं ओढलं आणि म्हणाले, "बस. ट्रे ठेव आधी."

त्यांनी तिला सगळं सांगितलं. मला सांगायचे तसंच, नळी, वाटी, बुडबुडा, शेपूट. मध्येच काही गाळलं नाही, आवाज चढवला नाही. आणि शेवटी म्हणाले, "ब्रेक तुझ्या बापानं ओढला असणार. लागला नसणार. त्याची हवा मी काढली होती, नळी मी बांधली होती. वारा नव्हता तो. मी होतो."

वेरेनानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. धंद्याची सवय. मग नळी उचलली, सरळ केली, सोडली. नळी वळली. तिनं परत सरळ केली. परत वळली.

"आई काय म्हणते माहीत आहे?" ती म्हणाली. "त्या दिवशी ती डॉक्टरकडं गेली होती. दोघांचं ठरलं होतं, डॉक्टर हो म्हणाला तर अंगणात पांढरी चादर वाळत घालायची. म्हणजे त्याला वरून दिसेल. तिनं घातली. त्यानं पाहिली, आणि घरावरून आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक. खाली यायला उशीर झाला, तोवर वारा फिरला. आई अजून पांढऱ्या चादरी वापरत नाही काका. आमच्याकडं सगळ्या फुलाफुलांच्या."

हे मास्तरांना कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"आई म्हणते चादर तिची," वेरेना म्हणाली. "तुम्ही म्हणता नळी तुमची. वाऱ्याला विचारलं तर तोही म्हणेल माझंच. आणि चादर कशासाठी होती, तर माझ्यासाठी. मग मला पण रांगेत उभं करा."

"ब्रेक लागला असता तर बाकीचं सगळं माफ होतं," मास्तर म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "लागला असता तर." तिनं त्यांना सोडवलं नाही. मग म्हणाली, "आता लागेल?"

"लागेल."

"मग लावा."

मी नळी कापली. सिलिंडरपासून वाटीपर्यंत एकसारखा चढ, वळण नाही, कुठं फुगवटा नाही. दिसायला दरिद्री. शेपूट घोडीवर ठेवूनच हवा काढली. सिलिंडरच्या तोंडात बसलेला बुडबुडा सुटला आणि तेलाच्या वाटीत वर आला. वाटाण्याएवढा. वर येऊन फुटला. मास्तरांनी त्या जागेकडं किती वेळ पाहिलं, सांगता येत नाही.

"मास्तर, तुम्ही ओढून बघा."

"तू ओढ," ते म्हणाले. "माझ्या हातावर माझा भरवसा नाही." त्यांनी हात ॲप्रनला पुसले, आणि त्या दिवसानंतर त्यांनी कुठल्याही ग्लायडरचा लिव्हर ओढल्याचं मी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धुकं गेलं. बुर्कहार्डनं तिच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या, दोन्ही वेळा ब्रेक धरला. मग तो बाहेर आला, मागच्या सीटचे पट्टे रिकामे बांधले आणि काच लावली. वेरेना एकटी आत. पंखाचं टोक कुणीतरी धरायचं असतं. मास्तर पुढं आले, सदतीस वर्षांत पहिल्यांदा. दोर ताणला गेला, ते टोक धरून दहा पावलं पळाले आणि मग सुटलं त्यांच्या हातातून.

परत फिरताना ती गावाच्या बाजूला गेली. मला वाटलं, आता फेरी मारते की काय घरावरून. मास्तरांचा हात माझ्या दंडावर होता, त्याची बोटं रुतली. पण ती वळली, मैदानाच्या रेषेत आली, फळ्या उभ्या राहिल्या, चाक टेकलं. आणि धरलं. गवतावर ग्लायडर नाक खाली झुकवून थांबलं, जसं कुणी दाराशी येऊन थांबावं.

आमच्याकडं पहिल्यांदा एकटं उडून आलं की रीत ठरलेली आहे. नव्या वैमानिकानं ओणवं व्हायचं आणि क्लबातल्या प्रत्येकानं ढुंगणावर एक रपाटा घालायचा, म्हणजे वर चढणारी हवा तिथं कळायला लागते म्हणे. आणि मग काटेरी झुडपांचा गुच्छ द्यायचा. वेरेना पंखावर ओणवली, सगळ्यांनी हात साफ करून घेतले. बुर्कहार्डच्या हातासरशी ती पंखासकट हलली. "आई गं! हा शिक्षक आहे की खाटीक?"

"काका, तुमचा राहिला," ती ओणव्यानंच म्हणाली.

मास्तर नव्हते. ते मैदानात होते. चाक थांबलं त्या जागेपासून पावलं मोजत झाडाकडं चालले होते. आम्ही सगळे बघत राहिलो. झाडापाशी गेले, जखमेवर हात ठेवला, भिंतीला पाठ लावून जरा वेळ उभे राहिले. मग परत आले. वेरेना अजून तशीच ओणवी होती, मान वाकडी करून.

"किती?" तिनं विचारलं.

"एकशे बारा," मास्तर म्हणाले. आकडा त्यांनी पहिल्यांदाच सांगितला. आणि हळूच, जवळजवळ आवाज न होईल असा, एक रपाटा घातला.

पुढच्या शनिवारी वर्कशॉपचं दार मी उघडलं. मास्तर आले ते नऊ वाजता, केक खायला. बाकाच्या वर भिंतीत एक नवा खिळा होता आणि खिळ्याला ती काळी नळी. काढू का, म्हणून विचारलं, तर म्हणाले, "राहू दे. पोरांना दिसू दे."

आता नाडी बघायचं काम माझं. मी आधी शेपूट घोडीवर ठेवतो, मग गुडघे टेकतो, लिव्हर ओढतो. डोळे मी मिटत नाही. पण नळी टांगलेल्या त्या भिंतीकडं पाठ करून बसतो. गेल्या महिन्यात वेरेनानं त्या नळीच्या खालच्या टोकाला एक जड नट बांधून ठेवला होता, वजनानं सरळ होते का बघायला. परवा नट जमिनीवर पडलेला सापडला, आणि नळी पुन्हा वळलेली.